गैरहजेरीचा रकाना

बुधवार हा आमच्या गावचा बाजार, म्हणून बीपी-शुगरची ओपीडीही बुधवारी. मेथीच्या जुड्या विकायला आलेली म्हातारी त्याच फेरीत बीपी दाखवून जाईल, असा दवाखाना सुरू करणाऱ्यांचा हिशेब. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, विश्वस्त संस्थेचा दवाखाना आणि मी तिथली वैद्यकीय समाजसेविका. रुजू झाले त्या दिवशी हा हिशेब मला कुणी सांगितला नाही. माझ्या हाती दिली ती एक लांबट वही.

वहीत रकाने होते. केसपेपर नंबर, नाव, गाव, फोन, पुढची तारीख आणि सगळ्यात शेवटी हजर-गैरहजर. ओपीडी संपली की सिस्टर लाल पेन घेऊन बसायच्या आणि न आलेल्यांच्या नावापुढे 'गै' लिहीत जायच्या. पान भरलं की लांबून गोवर उठल्यासारखं दिसायचं.

या 'गै'ची आम्हाला धास्ती होती. बीपीच्या गोळ्या आम्ही महिन्याच्या देतो. माणूस महिन्यानं आला नाही की गोळ्या संपतात आणि बीपी वाढल्याचं अंगाला काही कळत नाही. मग एखाद्या रात्री जीपमध्ये आडवं घालून कुणाला तरी आणतात. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. वही उघडून बघावी तर ओळीनं तीन 'गै'. डॉक्टर काही बोलत नसत. वही मिटून माझ्याकडे सरकवत. ते न बोलणंच मला लागायचं.

त्यामुळे संस्थेच्या बैठकीत सचिवांनी मेसेजचा विषय काढला तेव्हा सगळ्यात आधी मान डोलावली ती मी. सचिवांचा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या दातांच्या डॉक्टरांकडून आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज येतो, हे त्यांनी दिवाळीत पाहिलं होतं. "माणसं विसरतात हो. आपण आठवण करून देऊ. प्रश्न मिटला," ते म्हणाले. एका मेसेजला काही पैसे लागतात, रुपयेसुद्धा नाहीत. नाही म्हणायला कुणाकडे कारणच नव्हतं.

मेसेजचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सवयीनं सुरुवात केली, 'आदरणीय रुग्ण, आपणांस कळविण्यात येते की...' संगणकाचं काम बघणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, अजून वारही आला नाही आणि निम्मा मेसेज संपला." मग त्यानं मला एसएमएसचं गणित शिकवलं. इंग्रजी मजकुराला एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. 'विठ्ठल' म्हणायला आपल्याला तीन अक्षरं लागतात, मोबाइलच्या हिशेबात ती सहा. 'रुग्णालय' आठ खुणा खातं, 'दवाखाना' सात. एवढ्या एका खुणेसाठी मी रुग्णालय सोडून दवाखान्यात आले, आणि बरंच झालं. आमच्याकडे रुग्णालय म्हणतं कोण? 'कृपया'च्या पाच खुणाही गेल्या. 'या' म्हटलं की त्यात आदर आलाच.

दोन दिवस खोडाखोड करून मजकूर ठरला: 'बुधवारी सकाळी ९ ला दवाखान्यात या. गोळ्या संपू देऊ नका.' मोजून ५४ खुणा. उरलेल्या १६ मध्ये दवाखान्याचं छोटं नाव. घाऊक मेसेज पाठवायचे तर मजकूर टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. २०२१ पासून हा नियम कडक झाला. त्यामुळे एकदा ठरलेला शब्द मनात आलं म्हणून बदलता येत नाही. लग्नपत्रिका छापून आल्यासारखं ते.

पहिले मेसेज गेले गुढीपाडव्यानंतरच्या मंगळवारी. दुसऱ्या दिवशी रांग दारातल्या लिंबापर्यंत गेली. पुढच्या बुधवारी तशीच, त्याच्या पुढच्याही बुधवारी तशीच. महिनाअखेरीला मी तक्ता केला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे बुटके खांब आणि त्यांच्या शेजारी एप्रिलचा उंच खांब. सचिवांनी पेढे मागवले. तालुक्याच्या वार्ताहराला बोलवायचंही ठरत होतं.

आमच्या विश्वस्तांत एक सर आहेत. इथल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पेढा खाल्ला, रुमालानं बोटं पुसली आणि विचारलं, "मेसेज पाठवले नसते तर यातले किती आले असते?"

मी बुटक्या खांबांकडे बोट दाखवलं. "मागच्या तीन महिन्यांत येत होते तेवढे, सर."

"मागचे तीन महिने म्हणजे जानेवारी ते मार्च. तेव्हा गाव कुठं होतं?"

बैठकीतले सगळे याच मातीतले. कुणालाच पुढचं सांगावं लागलं नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. पाडव्याच्या मागंपुढं परततात. तेवढे महिने वाड्या-तांड्यांवर उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली लेकरं. बीपीचा पेशंट मागंच असतो, पण त्याला मोटारसायकलवर बसवून आणणारा लेक कारखान्यावर असतो. नातवंडं कुणाच्या भरवशावर टाकून आजीनं बुधवारी यावं? एप्रिलमध्ये लेक-सुना परत आल्या, मोटारसायकल परत आली आणि रांग लिंबापर्यंत गेली. माझा मेसेज त्याच आठवड्यात निघाला होता, एवढंच. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं असं म्हणण्यातला तो प्रकार.

वार्ताहराचा बेत बारगळला. सर मला म्हणाले, "मेसेजचा उपयोग होत नाही असं मी म्हणत नाही. तो किती होतो हे या तक्त्यावरून सांगता येत नाही, एवढंच म्हणतो." आणि त्यांनी वाचायला कागद दिले.

कागद वाचून धीर आला. अशा मेसेजवरचे जगभरातले नीट केलेले आठ प्रयोग एकत्र पाहणारा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. साडेसहा हजारांवर माणसं त्यात होती. कसलीच आठवण न दिलेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक तारखेला आले होते, मेसेज मिळालेल्यांपैकी ७८.६ टक्के आणि फोन करून सांगितलेल्यांपैकी ८०.३ टक्के. म्हणजे मेसेजनं माणसं येतात आणि फोनच्या जवळपास तेवढीच येतात. लंडनच्या बार्ट्‌स हेल्थ या सरकारी रुग्णालयांच्या समूहानं तर शब्दच बदलून पाहिले होते. 'तुम्ही न आल्यास आरोग्यसेवेला सुमारे १६० पौंडांचा भुर्दंड पडतो' असं मेसेजमध्ये घातल्यावर न येणाऱ्यांचं प्रमाण ११.१ वरून ८.४ टक्क्यांवर आलं. हे मी आमच्या सिस्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं असं लिहिलं तर माणसं म्हणतील, मग आम्ही आल्यावर तुमचा खर्च वाचतो होय? बरंय की." खरं होतं त्यांचं. आमच्याकडे न येणारा माणूस आपल्यामुळे दवाखान्याचा तोटा होतो म्हणून शरमत नाही. त्याला वाटतं, आपण गेलो नाही तेवढीच गर्दी कमी.

मग आम्ही आमच्यापुरता हिशेब करायचं ठरवलं. निम्म्यांना मेसेज, निम्म्यांना नाही, ऊसतोडीचा हंगाम धरून पूर्ण वर्षभर. नैतिकता समितीपुढे कागद गेले तेव्हा एका ताईंनी विचारलं, "निम्म्यांना मुद्दाम वंचित ठेवायचं?" सरांचं उत्तर साधं होतं. कालपर्यंत कुणालाच मेसेज जात नव्हता. तो कामाचा आहे की नाही हे माहीत नसताना वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठवत राहणं आणि आपण काहीतरी केलं म्हणून निजणं, हेही नैतिक नाही.

निम्मे निवडायचे कसे, तर मी सुचवलं, केसपेपर नंबर सम असेल त्याला मेसेज, विषम असेल त्याला नाही. पंधरा दिवसांत घोळ झाला. केसपेपर काढणारे मामा मायाळू. एकटी राहणारी म्हातारी आली की मागच्या माणसाला पुढं घेऊन तिला सम नंबर मिळेल असं बघायचे. सिस्टरही मला म्हणायच्या, "ह्या आजींना पाठवा ना, त्यांचं कुणी नाही." सर ऐकून हसले. "माणुसकी वाईट नाही. पण ती यादीत शिरली की हिशेब बिघडतो." पुढची यादी त्यांनी संगणकाकडून चिठ्ठ्या काढाव्यात तशी काढून आणली आणि कुणाला मेसेज जातो हे खिडकीवर कुणालाच कळू दिलं नाही.

नंबर तपासायचं काम तेव्हाच सुरू केलं. एक एक नंबर फिरवायचा आणि विचारायचं, हा फोन कुणाचा? आजवर मेसेज कुठं जात असतील याचा अंदाज मला पहिल्याच दुपारी आला. एका वस्तीवरच्या पाच बायांचा नंबर एकच निघाला, तो किराणा दुकानदाराचा. काही नंबर आशाताईंचे. पुष्कळ नंबर लेकाचे, आणि लेक पुण्याला रांजणगावच्या कंपनीत. त्याला मंगळवारी रात्रपाळीत मेसेज जायचा की आई उद्या दवाखान्यात ये. एक नंबर लागला तो हिंदी बोलणाऱ्या ट्रकवाल्याला. तो बिचारा म्हणाला, "हाँ मैडम, हर महीने आता है, गोली खतम मत होने देना." त्याच्या गोळ्या कसल्या असतील कोण जाणे. पण मजकूर त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतला होता, आणि तो त्याला पाठ होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरायचा मोबाइल आढळला होता. आमच्या बुधवारच्या बाया त्याहून थोराड. फोन असला तरी तो बोलायचा, वाचायचा नाही. एका आजींनी कमरेच्या पिशवीतून रबर लावलेला फोन काढून माझ्या हातात दिला. आत रिचार्जचे, लॉटरीचे, बँकेचे शेकडो मेसेज, एकही न उघडलेला. त्या ढिगात माझे ५४ खुणांचे पाच मेसेज होते. "माय, ते वाजतं एवढं मला कळतंय," त्या म्हणाल्या. "काय म्हणतंय ते कुठं कळतंय?" मी एकेका वेलांटीसाठी दोन दिवस भांडले होते, ते आठवून मला हसूही आलं आणि कसंसंही झालं.

आणखी एक नंबर फिरवला. तरुण आवाज होता. मी आईंचं नाव घेऊन विचारलं, त्या येत का नाहीत. तो क्षणभर थांबून म्हणाला, "ताई, आईला जाऊन चार महिने झाले. तुमचा मेसेज येतो दर महिन्याला. मी काढून टाकत नाही." मी माफी मागितली. तो म्हणाला, "नाही नाही, येऊ द्या." वहीत त्या नावापुढे चार 'गै' होते. सिस्टरांनी त्या संध्याकाळी प्रत्येकावर निळ्या पेनानं रेघ मारली. 'गै' म्हणजे नेमकं काय, हे आम्ही कुणीच आजवर विचारलेलं नाही, असं मला त्या निळ्या रेघा बघून पहिल्यांदा जाणवलं.

खोटे आणि बंद नंबर पाहून मी सरांना म्हटलं, ज्यांना मेसेज पोहोचलाच नाही त्यांना गटातून काढू या, म्हणजे मेसेजचा खरा गुण कळेल. सर नाही म्हणाले. ज्याचा नंबर चालू, फोन स्वतःचा, मेसेज उघडून वाचण्याइतका जो दक्ष, तो माणूस तसाही आला असता. फक्त त्यालाच मोजलं तर मेसेजच्या नावावर त्याची दक्षता जमा होईल. "औषध देणार आहात ते या गावाला, याच फोनांसकट. मग गुणही याच फोनांसकट मोजा." हा धडा मला पुस्तकातून उमगला नसता.

मोजताना दुसरीही एक गोष्ट ध्यानात आली. बुधवारी न आलेली पुष्कळ माणसं पुढच्या बुधवारी येत होती. दोन गोळ्या कमी पडल्या तर शेजारणीकडून उसन्या घेत. वहीत मात्र 'गै' पडला की पडला. तो पुसायची पद्धतच नव्हती. आम्ही नियम केला, तारखेनंतर आठवड्याच्या आत आला तो आला. एवढ्या एका ओळीनं दोन्ही गटांतले 'गै' जेवढे उतरले, तेवढे मेसेजनंही उतरवले नव्हते.

वर्ष संपलं. मेसेजच्या गटातली माणसं जास्त आली होती. फरक खरा होता, पण एप्रिलच्या त्या उंच खांबापुढे अगदीच ठेंगणा. एका दवाखान्याचं एका वर्षाचं काम, ते आकडे काही जगापुढे मांडण्याच्या तोलाचे नव्हेत. पण फरक कुणात पडला ते बघण्यासारखं होतं. गावातले दुकानदार, मास्तर, एसटीतले कंडक्टर, ज्यांच्या खिशात स्वतःचा फोन असतो आणि ज्यांना तारीख खरोखरच विसरायला होते, त्यांच्यात तो दिसत होता. वाड्या-तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांत जवळजवळ नव्हताच.

मग मी न आलेल्यांना विचारत सुटले. काहींना फोनवर, काहींना आशाताईंबरोबर घरी जाऊन. कारणं वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. खुरपणीचा रोज बुडतो. एसटी बंद आहे. नातवाला ताप होता. बरं वाटतंय, मग कशाला? मागच्या खेपेला साखरेची गोळी नव्हतीच, बाहेरून घ्या म्हणाले. मागच्या खेपेला डॉक्टर ट्रेनिंगला गेले होते, उन्हात बसून परत आले. एक आजोबा म्हणाले, "तुमच्या सिस्टर शुगर वाढली की लई बोलतात. पाहुण्यांकडं लग्नं होती, दोन जिलब्या खाल्ल्या होत्या. म्हणलं, उतरू दे थोडी, मग जाऊ." विसरलो म्हणणारे होते, पण त्यांची ओळ सगळ्यांत लांब नव्हती. मेसेज हे विसरण्यावरचं औषध. आम्ही ते रोज बुडण्यावर, एसटी बंद असण्यावर आणि सिस्टरांच्या बोलण्यावर देत होतो.

त्या पानातल्या दोन ओळींखाली मी रेघ ओढली. गोळी नव्हती आणि डॉक्टर नव्हते. त्या आमच्या होत्या. मग जुनी बिलं आणि रजेचे अर्ज काढून बसले. हळूहळू दिसायला लागलं की आमची बुधवारची ओपीडी गैरहजेरीवरच चालत होती. तारखा जितक्यांना द्यायचो तितके सगळे एका दिवशी आले असते तर ना डॉक्टरांना बघता आले असते, ना गोळ्या पुरल्या असत्या. एप्रिलच्या त्या लांब रांगेच्या बुधवारी दुपारी दोनलाच गोळ्या संपल्या होत्या आणि शेवटच्या माणसांना पंधरा दिवसांच्याच देऊन परत बोलावलं होतं. त्यातले कितीतरी पंधरा दिवसांनी आले नाहीत. त्यांच्या नावापुढे 'गै' लागला. आम्ही पेढे खात होतो तेव्हा.

दुसऱ्या वर्षी मेसेज बदलायचा ठरला. सरांनी दिलेल्या कागदांत केनियातलं एक काम होतं, २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. तिथं एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा नर्सचा मेसेज जायचा, त्यात एकच शब्द, 'मांबो?' आपल्याकडचं 'काय, कसं काय?' रुग्णानं उलट कळवायचं, 'सावा', म्हणजे ठीक, नाहीतर 'शिदा', म्हणजे अडचण आहे. अडचण आली की नर्स फोन करायची. औषधं नीट घेणाऱ्यांचं प्रमाण मेसेजच्या गटात ६२ टक्के आणि दुसऱ्या गटात ५० टक्के निघालं. त्या मेसेजमध्ये ना तारीख होती ना ताकीद. विचारपूस होती आणि उत्तराला जागा होती. आमच्या मेसेजला उत्तर देताच येत नव्हतं. तो ज्या नावानं यायचा त्यावर फोन लावला तर लागायचाच नाही.

न वाचणाऱ्या माणसाला उत्तर देता यावं कसं? याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे, मिसकॉल. टीबीच्या रुग्णांसाठीच्या '९९डॉट्‌स'मध्ये गोळ्यांच्या पाकिटात गोळीमागे नंबर दडवलेला असतो. गोळी फोडली की नंबर दिसतो, त्यावर मिसकॉल द्यायचा की गोळी घेतल्याची नोंद होते. मुंबईच्या 'अरमान' संस्थेच्या 'एममित्र'मध्ये गरोदर बायांना मेसेज नव्हे, आवाजातला फोन जातो, तोही त्यांनी सांगितलेल्या वेळेला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात, ज्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता, मुदत उलटलेल्यांची यादी अ‍ॅपमधून निघते आणि सिस्टर त्यांना फोन करतात. आम्ही यातलं झेपेल तेवढं उचललं. मंगळवारी संध्याकाळी सातला, चुली पेटलेल्या असतात आणि माणसं घरात असतात तेव्हा, आमच्याच सिस्टरांच्या आवाजात फोन. "उद्या बुधवार. गोळ्या संपल्या असतील तर या. जमणार नसेल तर ह्याच नंबरला मिसकॉल द्या." आवाज ओळखीचा म्हणून आज्या शेवटपर्यंत ऐकायच्या. काही जणी यंत्राशी बोलायच्याही. "बरं, येते गं," म्हणायच्या.

मिसकॉल आला की उलट फोन मी करायचा. पहिल्या आठवड्यात वाटलं, लोक अडचणी सांगतील, मी तारखा बदलून देईन. तसं झालंही. खुरपणीची बाई म्हणाली, रविवारी द्या. ते देता आलं नाही. पण संध्याकाळी पाचनंतर गोळ्या घेऊन जा, एवढं करता आलं. तोडीला निघालेल्या जोडप्याच्या आईला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. त्यासाठी डॉक्टरांची समजूत घालायला तीन आठवडे लागले.

आणि मग त्या जिलबीवाल्या आजोबांचा मिसकॉल आला. मी फोन लावला, विचारलं, "उद्या जमणार नाही का, आजोबा?"

"मला जमतंय," ते म्हणाले. "तुमचं विचारायचं होतं. डॉक्टर हायेत का उद्या? गोळ्या हायेत का? आधी ते सांगा, मग निघतो. तिकिटाला पैसे लागतात, ताई."

मी थांबा म्हटलं, औषधाच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. साखरेच्या गोळ्यांचा एकच डबा होता, बुधवार निघाला नसता. डॉक्टर होते. आजोबांना म्हटलं, बीपीच्या आहेत, साखरेच्या गुरुवारी येतील. ते म्हणाले, "मग शुक्रवारी येतो." आणि फोन ठेवला. वहीत त्यांच्यापुढे बुधवारी 'गै' लागला. खरं तर त्या बुधवारी त्यांच्याइतकं हजर कुणी नव्हतं.

त्या रात्री साठ-सत्तर फोन केले. सगळ्यांना सांगितलं, साखरवाल्यांनी उद्या येऊ नका, शुक्रवारी या. बुधवारी ओपीडी अर्धी रिकामी. सचिव कामासाठी आले होते, बाकं पाहून म्हणाले, "काय, मेसेज बंद पडले वाटतं?"

आता मंगळवारी दुपारी तीनला मी आधी औषधाच्या कपाटाशी जाते, मग डॉक्टरांच्या दाराशी, आणि त्यानंतरच सिस्टरांचा आवाज पाठवायचा की नाही ते ठरवते. नवी वही शिवून घेतली तेव्हा छापखान्याच्या माणसाला एक रकाना जास्त पाडायला सांगितला. त्यानं विचारलं, वर काय छापू? मी म्हटलं, 'आम्ही'. त्याला वाटलं काहीतरी राहिलं. म्हणून त्यानं दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

पेशंट आला आणि डॉक्टर नव्हते, किंवा गोळी नव्हती, की त्या रकान्यात सिस्टर 'गै' लिहितात. लाल पेनानंच. पहिल्या महिन्यात त्यांचा हात अडखळायचा. आता अडखळत नाही.